पिंपाच्या झाकणाची मूठ

भावजी, मागच्या अंगणातल्या पिंपाच्या झाकणावरची ती लाकडी मूठ अखेर मी काढली. तुम्ही असताना काढली असती तर तुम्ही जिंकलात असं झालं असतं, म्हणून मुद्दाम राहू दिली होती. आता झाकणातून नुसता बोल्ट वर आलाय आणि पाणी घ्यायला गेलं की तळहाताला टोचतो. टोचला की मी तुम्हाला दोन शब्द सुनावते, वहिनीनं दिराला सुनवावेत तसे. उलट उत्तर येत नाही. मग तांब्या हातात धरून मी तिथंच जरा वेळ उभी राहते.

गेल्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. आलेले लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. वाळूजच्या कारखान्यात टूल रूममध्ये काढलेली वर्षं, स्वतःचा संसार न मांडता दादा-वहिनींजवळ राहणं, शांत स्वभाव. शांत स्वभाव ऐकून मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला आणि बायकांना वाटलं मी रडतेय. नंतर खरंच रडले, ते सोडा. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत एवढंच. माघार म्हणून कधी घेतली नाहीत. आपलं शेवटचं भांडण गाडीच्या गिअरवर कोणती मूठ बसवायची यावरून झालं आणि ते अर्धवट राहिलं. तुम्ही मध्येच उठून गेलात. ही कुठली रीत?

भांडण पुरं करायला मला सवडही मिळाली नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाच गाडीच्या शेडवर लाल खूण पडली होती. आपल्या घरासमोरचा रस्ता रुंद होणार, शेड पाडायची, कुंपणाची भिंत पाडायची. तेराव्यानंतरचा सोमवार ठरला. तुमचे दादा म्हणाले, "शेड जाणार म्हटल्यावर गाडी ठेवून काय करायचं? चालवणार कोण?" एवढं एकच वाक्य, पण ते दिवसभरात इतक्यांदा म्हणाले की भिंतीवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. चालवणार कोण.

मी म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. ते बघणं मला झोंबलं. संधिवातानं बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, हे मला ठाऊक नाही का? पुढचे गिअर मला जमतात, तळहातानं ढकलले की पडतात. अडतं ते रिव्हर्सला. आपल्या गाडीचा दांडा आधी वर उचलायचा, मग बाजूला सरकवून मागं ओढायचा. उचलायचा म्हणजे बोटांनी पकड हवी. आणि शेडमधून गाडी निघते ती मागंच. म्हणून तर गेली काही वर्षं आपली पद्धत पडली होती. तुम्ही रिव्हर्स टाकून गाडी रस्त्यावर आणायचात, उतरायचात, पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर यायचात, आणि पुढं मी चालवायची. गल्लीला वाटायचं दिराची नि वहिनीची फुगडी चाललीय.

ही गाडी चालवायला तुम्हीच मला शिकवलंत. बीड बायपासला तेव्हा दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी असायची, आणि एखाद्या घराचं जोतं दिसलं तरी आपण म्हणायचो, इथं कोण येणार राहायला? दुधी रंगाची, दोन दारांची, बॉनेट पुढच्या अंगाला उलटं उघडणारी ही जुनी गाडी तेव्हाही जुनीच होती. मी चाळिशीची. नातेवाइकांत कुजबूज झाली की शाळेतल्या गणिताच्या बाईंना आता स्टिअरिंग कशाला? तुम्ही शेजारी बसून एकच गोष्ट सांगायचात, "वहिनी, दांड्याकडं बघू नका. रस्त्याकडं बघा, हात शोधतो बरोबर." मी गिअर खरडला की तुम्ही डोळे मिटायचात, पण तोंडातून अक्षर नाही. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही चहा मागितला असतात.

आणि मग ते दुष्काळाचे उन्हाळे. नाथसागर आटला, आपल्या नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही आणि टँकर आला की गल्लीत रणकंदन. माझी बहीण बजाजनगरला राहायची, तिच्याकडं पाणी बरं यायचं, म्हणून आपण दोघं मागची सीट काढून कॅन भरून आणायचो. गाडी तिच्या दारात उन्हात उभी. परत येऊन बसलं की गिअरचा काळा गोळा निखाऱ्यासारखा तापलेला. तुम्ही काय करायचात? त्यावर ओला फडका गुंडाळून ठेवायचात.

"इथं प्यायला पाणी नाही आणि गिअरला अंघोळ?" मी ओरडायची.

"हात पोळला तर गिअर टाकणार कोण?" तुम्ही म्हणायचात आणि फडका पुन्हा भिजवायचात.

सगळं शहर कोरडं पडलेलं असताना आपल्या गाडीच्या दांड्याला पाण्यानं गंज चढला. असला उद्योग फक्त आपल्याच घरात होऊ शकतो. एका दुपारी तो गोळा तुमच्या हातात उकलला, नारळाच्या दोन करवंट्या व्हाव्यात तसा. आतले दांड्यावरचे आटे लालसर, अर्धे झिजलेले. तुम्ही ते कितीतरी वेळ बघत बसलात. मी म्हटलं, "घाला अजून पाणी." तुम्ही हसला नाहीत. मग सायकलच्या हँडलची रबरी मूठ दांड्यावर चढवलीत. पुढच्या गिअरला ती चालायची, उचलायला गेलं की हातात यायची.

तेव्हापासून तुमचा शोध सुरू झाला. दर रविवारी जाफर गेटच्या जुन्या सामानाच्या बाजारात. तिथून काय काय आणलंत तुम्ही! आत विंचू गोठवलेली पारदर्शक मूठ, ट्रकवाल्यांची. तिच्याकडं बघून मी जेवले नव्हते. मग गुलाबाच्या फुलाची. मग चकचकीत लोखंडी, जी उन्हात पहिलीपेक्षा जास्त पोळली असती. माझं म्हणणं साधं होतं. गाडीची मूळची होती तशी काळी गोल शोधा, गाडीला तीच शोभते, तुम्हालाही तीच आवडते. तुम्ही म्हणायचात, "बघू." तुमचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. कारण ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत तुम्ही पिंपाला नवं झाकण केलंत. प्लॅस्टिकचं उन्हानं तडकलं होतं, म्हणून जाड लाकडाचं. वजनदार. आणि त्यावर मूठ. पहिली गोल. मी डाव्या हातानं झाकण उचलायची, उजव्यानं तांब्या बुडवायची, हे दिवसभर चालायचं. थोड्या दिवसांनी मूठ बदललेली. लांबट. मग चपटी. मग पुन्हा तिसरीच काहीतरी. मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बसून तुम्ही त्या कोरून आणायचात आणि मी चिडायची, "गाडीत हौस भागली नाही म्हणून आता माझ्या पिंपाला धरलं का?" तुम्ही मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायचात आणि मी झाकण कसं उचलते ते बघायचात. मला वाटायचं रिकामटेकडा माणूस, बसलाय.

शेवटी ही आली. भोवऱ्यासारखी, वर रुंद आणि खाली मान बारीक. शिसवी लाकूड, आत आटे पाडलेली पितळी नळी. हिला बोटं वळवावीच लागत नाहीत. सुजलेली बोटं नुसती खाली अडकवायची आणि उचलायचं. मी चिडायची थांबले आणि मग तुम्ही बदलायचं थांबलात. ही मूठ राहिली.

तुमच्या त्या शेवटच्या दिवसांत मला समजलं. खिडकीशी खाट होती तुमची, तिथून शेड दिसायची. गावाला पाणी कमी आणि तुम्हाला डॉक्टरांनी घोट मोजून दिलेला. मी चमच्यानं पाणी घालत होते आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, पिंपावरची मूठ काढा नि गाडीला लावा. आटे तेच आहेत, मी बघून केलेत. एकदा रिव्हर्स टाकून बघा."

माझ्या हातातला चमचा थांबला. म्हणजे इतके दिवस पिंपावर तुम्ही माझा हात तपासत होता.

"पिंपाला मग काय लावू? तुमचं डोकं?" मी म्हटलं. "आणि मी कशाला टाकू रिव्हर्स? बरे व्हा, तुम्हीच टाका."

"पडतो का, तेवढं फक्त सांगा मला."

"गाडीला काळी गोलच शोभते," मी म्हटलं आणि वाटी घेऊन आत आले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. ती मूठ गाडीला लावणं म्हणजे तुम्ही आता शेडकडं जाणार नाही हे कबूल करणं होतं. ते मला करायचं नव्हतं. आजही माझं मत तेच आहे, त्या वेळी कबूल न करणंच बरोबर होतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, आणि ते मला जेवताना, निजताना सलत होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीला गिऱ्हाईक आलं. वैजापूरकडचे, कांद्याच्या व्यापारातून हॉटेलच्या धंद्यात उतरलेले. तुमच्या दादांनीच कुणाकडून तरी निरोप धाडला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, गाडी लई भारी हाये. आपन हिला हॉटेलच्या दारात ठिवू. आत फुलं भरायची. लोकं फोटो काढतेत."

"चालवणार नाही?"

"चालायची गरजच नाय ना ताई. नुसती हुबी राहू द्या." त्यांनी दार उघडून रबरी मूठ हलवली, ती त्यांच्या हातात आली. ते हसले. "हे असलं बी चालतंय. उद्या सकाळी गाडी उचलायला ट्रक घिऊन येतो."

गाडीत फुलं भरणार! माझं डोकंच फिरलं. मी तुमच्या दादांना तिथंच, त्या माणसादेखत म्हटलं, "उद्या ट्रक यायच्या आत मी गाडी रिव्हर्सनं बाहेर काढली तर गाडी घरात राहील. नाही निघाली तर घेऊन जाऊ दे."

"काढून दाखव," ते म्हणाले. रागानं नाही. थकून म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी पिंपाकडं गेले आणि मूठ फिरवून काढली. आपला मेकॅनिक लग्नाला सिल्लोडला गेलेला, फोनवर म्हणाला दांडाच बदलावा लागेल, आठवडा जाईल. आठवडा कुठून आणू? रॉकेलमध्ये फडका बुडवून दांडा घासला. गंज निघाला, तसे आटेही निघतायत की काय अशी भीती. मूठ चढवली तर सैल, गोल गोल फिरतेय, धरत नाही. मग नळाची आठवण झाली. गळक्या नळाच्या आट्यांवर तुम्ही सुतळी गुंडाळायचात, वर सफेद्याचा लेप द्यायचात, मग नळ आवळायचात. मीही सुतळी आणली, गुंडाळली, मूठ बसवली. बसली. बोटं खाली अडकवून दांडा उचलायला गेले आणि मूठ सुतळीसकट हातात आली.

मी सीटवर तशीच बसून राहिले. बाहेर पलीकडच्या चौकात जेसीबीचा खडखडाट चालू होता, कुणाची तरी भिंत पडत होती. मला वाटलं, संपलं. उद्या तुम्ही हॉटेलच्या दारात उभे राहणार. गाडी नव्हे, तुम्ही. पोटात फुलं घालून.

मग सुतळीकडं लक्ष गेलं. मी ती उलटी गुंडाळली होती. मूठ आवळताना सुतळी सुटत होती. अहो, प्रत्येक नळाला तुम्ही मला सांगायचात, "ज्या अंगानं आवळायचं, त्या अंगानं गुंडाळायचं, वहिनी." आणि मी म्हणायची, "तुम्ही आहात ना, मला कशाला शिकवता?" शिवाय सुतळी जाड, झिजलेल्या आट्यांत शिरत नव्हती. बारीक, पक्कं सूत हवं होतं. शिलाईचा दोरा घेतला, तो ताणला की तुटतोय.

तुमचे दादा शेडच्या दारात येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मी म्हटलं, "चिडवायला आलात का?"

त्यांनी हात पुढं केला. हातात नवं कोरं जानवं होतं, कागदी पट्टीही न काढलेलं. दर श्रावणीला दोघांसाठी ते आणतात ना, त्यातलं तुमच्या ड्रॉवरमधलं उरलेलं.

"हे घे. कापसाचं सूत आहे, पिळाचं. तुटायचं नाही."

मी बघतच राहिले. सोवळ्याचा तांब्या मी चुकून हलवला तर दिवसभर फुगून बसणारा माणूस. "अहो, जानवं? गिअरला?"

"बाळ्याचं आहे," ते म्हणाले. भावजी, तुमचं ते घरातलं नाव मी कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "त्याच्याच कामाला लागू दे." आणि मग चष्मा पुसत पुसत, "मला वाटलं, गाडी डोळ्यांसमोर नसली की सोपं जाईल."

जानव्याची गाठ त्यांनी स्वतः सोडली. एक टोक त्यांनी धरलं, मी गुंडाळलं, बरोबर अंगानं, आट्यात आटा घालून. वर सफेद्याचा हात. मूठ आवळत नेली ती शेवटी शेवटी जड जड होत गेली आणि थांबली. सफेदा वाळायला हवा म्हणून रात्रभर हात लावायचा नाही असं ठरलं. म्हणजे खरं काय ते सकाळीच कळणार होतं.

सकाळी ट्रक आधी आला. हॉटेलवाले उतरले, मागोमाग जेसीबी गल्लीच्या तोंडाशी. शेजारची मंडळी गॅलऱ्यांत. माझी बोटं सकाळची, पुरती आखडलेली, गरम पाण्यात बुडवून आले होते तरी. गाडी सुरू झाली, ती तुमच्याच हातची आहे. क्लच दाबला. दांड्याकडं बघू नका, हात शोधतो बरोबर. हातानं मुठीची बारीक मान शोधली, बोटं खाली अडकली. मी उचललं.

मूठ धरून राहिली.

दांडा वर आला, बाजूला सरकला, मागं गेला, आणि पायाखाली ती ओळखीची थरथर लागली. क्लच सोडला. गाडी मागं सरकली, शेडमधून, लाल खुणेजवळून, फाटकातून रस्त्यावर. हॉटेलवाले ट्रकला टेकून बघत होते. ते म्हणाले, "ताई, चालती राव गाडी." आणि ट्रकवाल्याला हातानंच परत जायची खूण केली. माणूस खरंच वाईट नव्हता.

तुमचे दादा आले. आयुष्यभर मागच्या सीटवर पेपर धरून बसणारा माणूस, तो शेजारचं दार उघडून पुढं तुमच्या जागेवर बसला. मागं वळून शेडकडं बघितलं नाही. "आता कुठं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बीड बायपास." तिथं आता ज्वारी नाही, शोरूम आहेत, आणि फुलं भरलेल्या गाडीची गरज असलेली हॉटेलं. एक चक्कर मारून आलो. परत आलो तेव्हा शेड नव्हती. गाडी रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली लावली.

दुपारी चहा केला तर हात सवयीनं तीन कपांकडं गेला. खिडकीशी खाट अजून तशीच आहे, मी काढू दिलेली नाही. मूठ लाकडाची आहे, उन्हात पोळत नाही, ओला फडका लागत नाही. गाडीला शोभत नाही, हे मी आजही म्हणते. काळी गोलच शोभली असती. त्या भांडणात मी हार मानलेली नाही, हे लक्षात ठेवा.

पण तुम्ही एक गोष्ट विचारली होती आणि मी वाटी घेऊन आत निघून आले होते. पडतो, भावजी. रिव्हर्स पडतो. आणि बोटं दुखली नाहीत.